नानांच्या घरी नवी आवृत्ती

धुळ्यात मी खोली शोधत होते तेव्हा बहुतेक घरमालकांनी पहिला प्रश्न आडनावाचा विचारला. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची, नाहीतर मालकाचा भाचा पुढच्या आठवड्यात तिथे राहायला येणार असायचा. देवपुरातल्या एका दुमजली घराच्या दारात मात्र एक उंच, हडकुळे गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "सकाळी बातम्या मोठ्याने लावायची सवय आहे का?"

"नाही. माझ्याकडे टीव्ही नाही."

"मोबाइलवर?"

"कधीतरी. कानात घालून ऐकते."

"मग वर जाऊन खोली बघून घ्या. पंखा कुरकुरतो, तो मी नीट करून देईन."

आडनाव त्यांनी भाडेकरार करताना विचारलं, कारण तिथे ते लागतंच. लिहून घेतलं आणि चहा घेणार का म्हणाले. राहायला आल्यावर मी बुद्धाची तसबीर लावायला भिंतीत खिळा ठोकू का, असं विचारायला खाली गेले. ते स्वतःच हातोडी आणि गवंड्यांकडे असते तसली लेव्हल घेऊन वर आले. तसबीर सरळ लागली की नाही हे त्यांनी दोनदा तपासलं. "तिरकी लागली तर तुम्हाला रोज दिसेल," म्हणाले. माझी आई धरणगावजवळच्या आमच्या गावाहून पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला नव्या गॅसच्या, नव्या गादीच्या आधी ती भिंत दाखवली.

सगळे त्यांना नाना म्हणत. मीही म्हणू लागले. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. मी तेव्हा एका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले होते. नाना माझ्याशी पुस्तकात असतं तसं मराठी बोलायचे. त्यांच्या पत्नी, अक्का, सगळा जन्म शहरात काढूनही अहिराणीच बोलायच्या, कोणाशीही, अगदी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाशीसुद्धा.

नानांच्या बैठकीत कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर अक्कांनी विणलेलं झाकण असायचं. नानांचा मोबाइल बटणांचा होता आणि तो स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी पडून राहायचा. बातम्या ते फक्त कॉम्प्युटरवर वाचायचे, त्याही एका खास प्रोग्रॅममधून. त्याला फीड रीडर म्हणतात हे मला त्यांच्याकडेच कळलं. आपण ज्या वेबसाइट निवडू, त्यांच्यावर नवं काही आलं की तो ते गोळा करून आणतो आणि आलेल्या वेळेच्या क्रमाने लावून ठेवतो. बस, एवढंच. तुम्हाला हेही आवडेल, असं तो काही सांगत नाही.

"मोबाइलमधल्या बातम्या आपल्याला काय आवडतं ते हेरून येतात," नाना म्हणायचे. "मला काय आवडतं ते मला ठाऊक आहे. काय घडलं ते ठाऊक नाही. ते सांगा."

त्यांनी निवडलेल्यांची यादी मजेशीर होती. खानदेशातली वर्तमानपत्रं होती, हवामान होतं, धरणातल्या पाण्याची सरकारी पत्रकं होती. त्याशिवाय घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई होती आणि कुठल्याशा थंड बेटावरच्या दीपगृहाचा रखवालदार होता. रखवालदाराने बऱ्याच दिवसांत एकही ओळ लिहिलेली नव्हती. मी म्हटलं, "काढून टाका ना मग." नाना म्हणाले, "गप्प बसलाय म्हणून घराबाहेर काढायचं का?"

या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की आमच्याकडे सण असायचा. नाना इस्त्रीचा शर्ट घालायचे. जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, "ताई, खाली या, नवी आली." अक्का लसूण सोलायला घेऊन बसायच्या, कारण कार्यक्रम लांबणार हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. मग नाना 'नवीन काय आहे' ही यादी उघडून एकेक कलम वाचायचे. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग ते कोणाच्या उपयोगाचं आहे यावर चर्चा. चर्चा म्हणजे ते बोलायचे आणि मी हो म्हणायचे.

एका आवृत्तीत न वाचलेल्या बातम्यांचा आकडा लपवायची सोय आली. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी अक्कांना शिरा करायला सांगितला. "तो आकडा बघितला की गृहपाठ न करता वर्गात उभं राहिल्यासारखं वाटायचं," म्हणाले. पडदा काळा आणि अक्षरं पांढरी करायची सोय आली तेव्हा अक्कांनी मान वर केली आणि विचारलं, "अंधारामा काय वाचशात?" नानांनी ती सोय पुन्हा उघडली नाही. मराठीतून बातमी वाचून दाखवणारा आवाज आला, तो आम्ही तिघांनी हातचं काम बाजूला ठेवून ऐकला. 'जिल्हाधिकारी' म्हणताना त्याला धाप लागायची. नाना म्हणाले, "परदेशात वाढलेला आपलाच कोणी नातेवाईक वाटतो. बोलायचं आहे बिचाऱ्याला."

तो प्रोग्रॅम निरनिराळ्या देशांतली माणसं फावल्या वेळात, फुकट तयार करत. नाना त्यांना सूचना पाठवायचे. त्यांची एक सूचना ठरलेली होती. 'वाचलं' आणि 'वाचलं नाही' अशी दोन बटणं आहेत, तिथे 'वाचलं, पण कळलं नाही' असं तिसरं बटण हवं. समोरून सभ्य नकार यायचा. पुढची आवृत्ती आली की नाना तीच सूचना पुन्हा पाठवायचे. मी एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "मी वर्गात जन्मभर विचारलं, कोणाला कळलं नाही? एकही हात वर आला नाही. बटण असतं तर दाबलं असतं पोरांनी."

बातमी कुठून आली याबद्दल ते इतके काटेकोर का, हे मला अक्कांनी सांगितलं. नाना नोकरीत असताना एका स्थानिक पेपरात त्यांच्या निधनाची बातमी आली होती. त्यांच्याच नावाचे एक गृहस्थ गावाच्या दुसऱ्या टोकाला वारले होते. पेपरवाल्यांकडे नानांचा फोटो कॉलेजच्या कुठल्याशा कार्यक्रमातला होता, तोच छापला गेला. सकाळपासून माणसं यायला लागली. नाना दार उघडायचे आणि म्हणायचे, "या, बसा. मी आहे." एक जुना विद्यार्थी चाळीसगावहून पहिल्या गाडीने आला होता. त्याने नानांना दारात बघितलं आणि तो पायरीवर बसून हुंदके देऊन रडला. अक्का दिवसभर चहा करत होत्या. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

पुढचं मात्र त्यांनी हसता हसता सांगितलं नाही. संध्याकाळी नाना पत्ता काढत त्या दुसऱ्या घरी गेले. तिथे मोजकीच माणसं होती. गेलेल्या माणसाची मुलगी नानांना म्हणाली, बाबांना इतके लोक ओळखायचे, पण कोणीच आलं नाही. नानांनी तिला सांगितलं, "बाई, ते माझ्याकडे आले होते. तुमच्याकडे यायची माणसं माझ्या दारातून परत गेली." कोण कोण आलं होतं, त्यातलं कोण त्यांच्याकडचं असेल, ते त्यांनी तिला आठवून आठवून सांगितलं. मग पुढचे दहा दिवस ते रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. पेपराने दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती छापली. ती फारशी कोणी वाचली नसावी, कारण नंतरही बाजारात नानांना बघून माणसं दचकायची.

त्यानंतर नाना कोणतीही बातमी दोन निरनिराळ्या ठिकाणांहून आल्याशिवाय खरी मानत नसत. आणि तोपर्यंत कोणी विचारलं तर म्हणायचे, "माहीत नाही." ते दोन शब्द ते इतके ठामपणे म्हणायचे, की जणू तीच बातमी आहे.

त्या दोन शब्दांचा मला सुरुवातीला राग यायचा. माणूस काहीतरी बरं ऐकायला येतो आणि समोरून 'माहीत नाही' येतं. त्यांची किंमत मला कळली ती भादव्यातल्या एका शनिवारी.

माझी धाकटी बहीण तेव्हा जळगावला नर्सिंग शिकत होती. शनिवारी दुपारी एस.टी.ने निघून ती माझ्याकडे यायची. त्या शनिवारी मी कामावरून लवकर आले होते, तिच्यासाठी भरताची वांगी भाजत होते. मोबाइल एकदम वाजायला लागला. कामावरच्या ग्रुपवर, गावाकडच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मजकूर होता. गिरणेच्या पुलावरून जळगाव-धुळे बस नदीत कोसळली. सोबत फोटो. कठडा तुटलेला, लाल बस अर्धी गढूळ पाण्यात.

बहिणीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गॅस बंद केला की नाही हे न बघता मी खाली धावले. नानांच्या पुढे फोन धरला.

नानांनी फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "ती याच वेळेच्या गाडीने येते ना?" मी मान हलवली. अक्का आतून आल्या आणि त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. नाना कॉम्प्युटरकडे वळले.

त्याच आठवड्यात नवी आवृत्ती आली होती. तिच्यात एक नवी सोय होती. एकाच घटनेच्या बातम्या वेगवेगळ्या ठिकाणी आल्या, तर प्रोग्रॅम त्यांची एक जुडी बांधायचा आणि सगळ्यात आधी आलेली बातमी तळाशी ठेवायचा. सोमवारी नानांनी हे कलम वाचून दाखवलं होतं तेव्हा मी जांभई दिली होती.

गिरणेच्या बसची जुडी पडद्यावर होती. नानांनी ती उलगडली. "हे बघ," ते म्हणाले. मला ते पहिल्यांदाच अगं-तुगं करत होते. "सगळीकडे तेच शब्द आहेत. 'पुलावरून' हा शब्द सगळ्यांनी एकसारखाच चुकवलाय. म्हणजे सगळ्यांनी एकाचंच उतरवून घेतलंय. आता त्या पहिल्याने काय लिहिलंय ते बघू." ते खाली गेले. पहिली बातमी त्यांच्या यादीतल्याच एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटची होती. तिच्यात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'अशी चर्चा परिसरात आहे.'

"बघितलेला माणूस यात एकही नाही," नाना म्हणाले.

मग त्यांनी दुसरी एक नवी सोय उघडली. साठवून ठेवलेल्या सगळ्या जुन्या बातम्यांत शब्द टाकून शोधता येत होतं. बस, पूल, कठडा असं टाकत गेले. बऱ्याच शोधानंतर तोच फोटो वर आला. तोच कठडा, तीच अर्धी बुडालेली बस. बातमी परराज्यातली होती आणि काही वर्षांपूर्वीची.

मी रडायलाच लागले. "खोटं आहे ना मग? खोटं आहे ना, नाना?"

अक्का म्हणाल्या, "कसाले रडस आते? बठ्ठं खोटं शे."

सगळंच खोटं म्हटल्यावर नानांनी हात वर केला. "फोटो खोटा आहे. तुझी बहीण सुखरूप आहे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. ते वेगळं विचारावं लागेल." आणि ते शर्ट घालायला उठले.

दुसऱ्या कोणीही मला त्या क्षणी घट्ट धरून सांगितलं असतं की सगळं ठीक आहे. नानांनी ते सांगितलं नाही. त्याऐवजी रिक्षा थांबवली आणि मला धुळ्याच्या बसस्थानकावर नेलं.

चौकशीच्या खिडकीशी झुंबड होती. माझ्यासारखेच सगळे. कोणाची बायको, कोणाचा मुलगा. आतला कंट्रोलर फोन कानाला लावून ओरडत होता. नाना गर्दीत शिरले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. "पारोळ्याशी बोलणं झालंय. पुलावर वाहतूक थांबली होती, एवढं ते सांगतात. का थांबली, माहीत नाही. बस कुठे आहे, माहीत नाही. पण पुलाला काही झाल्याचं त्यांना कोणी कळवलेलं नाही."

आम्ही बाकावर बसलो. नानांनी माझा हात धरला नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. ते फक्त बसले, आणि मध्येच उठून खिडकीशी जाऊन नवं काही आहे का विचारून यायचे. नसलं की 'काही नाही' म्हणून पुन्हा बसायचे. शेजारी एक माणूस फोनमधला तो फोटो आपल्या म्हाताऱ्या आईला दाखवत होता. नाना त्याला म्हणाले, "हा फोटो जुना आहे. परराज्यातला आहे. मी आत्ता तपासून आलोय." तो चिडला. "तुम्हाला काय माहीत? इथे जिवावर बेतलंय लोकांच्या." नाना शांतपणे म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. बसचं मला माहीत नाही. फोटोचं माहीत आहे." मग ते बाकाबाकावर जाऊन हे एवढंच सांगत फिरले. कोणी ऐकलं, कोणी तोंड फिरवलं. त्या म्हाताऱ्या बाईने मात्र मुलाच्या हातातला फोन काढून आपल्या पिशवीत टाकला.

ऊन उतरत आलं तेव्हा बस आत वळली. माझी बहीण पेरू खात खाली उतरली. फोनची बॅटरी एरंडोलच्या आधीच संपली होती. मी तिला मिठी मारली तशी ती घाबरली, "आईला काही झालं का?" म्हणाली. तिला सगळं सांगितलं ते नानांनी, आणि लगेच विचारलं, "पुलावर तू स्वतः काय बघितलंस?"

"पुलाच्या तोंडाशी कापसाचा ट्रक बंद पडला होता. गाड्या एका बाजूने सोडत होते. बराच वेळ बसलो आम्ही."

"कठडा?"

"धड होता. मी खिडकीत होते."

नानांनी मोठा श्वास सोडला. ते पुन्हा चौकशीच्या खिडकीशी गेले आणि तिथल्या गर्दीला शिकवण्याच्या आवाजात सांगितलं, "त्याच बसमधून आलेली मुलगी इथे आहे. तिने पूल बघितलाय. पूल धड आहे." मग सगळी गर्दी माझ्या बहिणीकडे वळली, आणि ती अर्धा खाल्लेला पेरू हातात धरून एकेकाला सांगत बसली. मागे खोळंबलेल्या गाड्यांत कोण कोण दिसलं, कुठे कुठे थांबलो, सगळं. पुढची बस येईपर्यंत नानांनी आम्हाला तिथून हलू दिलं नाही. घरी पोचलो तर अक्कांनी वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. गॅस मी बंद केला नव्हताच. अक्का वर जाऊन वांगी उतरवून आल्या होत्या.

नंतर माझी बदली जळगावला झाली. बहीण आता तिथेच नोकरीला आहे, आई आमच्याकडे असते. नानांशी फोनवर बोलणं अवघड, कारण फोन मिठाच्या बरणीशेजारी. या वर्षी एके दिवशी अक्कांचाच फोन आला. "नानासना डोयानं ऑपरेशन व्हयनं. तुले बलाई ऱ्हायनात."

नाना बोलावताहेत म्हटल्यावर मी रजा टाकून गेले. नाना डोळ्याला हिरवी पट्टी लावून आरामखुर्चीत बसले होते. दुसऱ्या डोळ्याने आधीपासूनच धूसर दिसायचं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायची सक्त मनाई केली होती, आणि नवी आवृत्ती नेमकी त्याच आठवड्यात आली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"त्या आवाजाला लावलं असतं वाचायला," ते म्हणाले, "पण त्याला काही विचारता येत नाही."

मी कॉम्प्युटरपुढे बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत. 'नवीन काय आहे' उघडलं आणि एकेक कलम वाचायला लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत. बरेच दिवस काही न लिहिणाऱ्यांची नावं काढून टाकू का, असं आता प्रोग्रॅम आपणहून विचारणार होता. नाना म्हणाले, "ते बंद करता येतं का बघ." बंद करता येत होतं. केलं. एखाद्याच वेबसाइटच्या बातम्यांसाठी अक्षराचा वेगळा आकार ठेवता येणार होता. ते त्यांना पसंत पडलं. कुठल्या कलमावर त्यांनी उदाहरण मागितलं, कुठल्यावर फक्त मान हलवली. अक्का लसूण सोलत होत्या.

अर्ध्यावर त्यांचा आवाज यायचा बंद झाला. वळून बघितलं तर मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं. मी थांबले.

अक्का हळूच म्हणाल्या, "थांबू नको. थांबनी की त्या उठी जातीन. दोन दिननी झोप नही त्यास्ले."

मग मी वाचत राहिले. किरकोळ दुरुस्त्या होत्या, त्या वाचल्या. त्याही संपल्या. तळाशी, ज्यांनी ही आवृत्ती घडवायला मदत केली त्यांचे आभार मानलेले होते आणि खाली नावं होती. कुठल्या कुठल्या देशांतली. काहींचा उच्चार मला जमत नव्हता, तरी एकही न गाळता, सावकाश वाचली. सूचना पाठवणाऱ्यांचीही होती त्यात. नानांचं नाव दिसेल म्हणून मी शेवटपर्यंत बघत गेले. ते नव्हतं.

तरी शेवटच्या नावानंतर मी, ते तिथे असल्यासारखं, त्यांचं नाव वाचलं. आडनावासकट, पूर्ण. लग्न झाल्यापासून ते नाव ज्यांनी तोंडातून काढलं नव्हतं त्या अक्का पदर तोंडाला लावून हसल्या, आणि नाना झोपेत होते.